चेहरा नसलेली बाई: आई चुकली का?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आईला घेऊन सांगलीत एका चित्रप्रदर्शनाला गेले. गेले म्हणजे काय, भाजीला निघालो होतो, पाऊस आला म्हणून आत शिरलो. चित्रकार मिरजेकडचे, पन्नाशीच्या पुढचे, त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव देत नाही. सगळी चित्रं स्वप्नात पडल्यासारखी. एकात माणसाच्या छातीला दार आहे आणि त्याला आतून कडी. एकात माजघरात उंट बसलाय आणि घरची माणसं त्याच्याकडे न बघता जेवतायत. आणि एक मोठं चित्र, माझ्या उंचीचं असेल, नऊवारीतली बाई कमरेइतक्या पाण्यात उभी, एका हातात तुळशीची कुंडी, दुसऱ्या हाताने निऱ्या धरल्यात. तिला चेहराच नाही. अंबाडा आहे, कानात कुड्या आहेत, मध्ये नुसता पुसल्यासारखा पिवळट रंग.

आई चित्रबित्र बघणाऱ्यातली नाही. पण तिथे दहा मिनिटं थांबली आणि डोळ्याला पदर लावला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "ही माझी आई आहे."

आता मागचं सांगते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेलेली तेव्हाची गोष्ट. पाणी उतरल्यावर आईच्या लग्नाचा अल्बम चिखलात सापडला. आजीचा आयुष्यातला एकच फोटो त्यात होता. आईने वरचा प्लास्टिकचा कागद सोलला आणि आजीचा चेहरा प्लास्टिकबरोबर निघून आला. फोटोत राहिलं काय तर लुगडं, कुड्या आणि पिवळा डाग.

मला वाटलं चित्र पुरावरच असणार. चित्रकार तिथेच होते, त्यांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, नाही ताई, हे २०१६ चं आहे, पुराचा काही संबंध नाही, माझ्याकडे पाणी म्हणजे विसर. चेहऱ्याचं विचारलं तर म्हणाले, काढला होता, चांगला जमला होता, म्हणूनच पुसला.

आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. माझा प्रश्न असा की आई चुकली का? ज्याने काढलं त्याच्या मनात जे नाही ते आपल्याला दिसलं तर ते चित्रात आहे म्हणायचं का नाही?

टवाळ:
पाऊस आल्याने झालेलं कलाप्रेम. शेवटी भाजी कुठली घेतली ते सांगा.

शंकासुर:
रागावू नका ताई, पण हे छातीला दार, माजघरात उंट वगैरे आता फार झालं. हात जमत नाहीत म्हणून खिशात घालायचे, चेहरा जमत नाही म्हणून पुसायचा आणि वर त्याला अस्मितेचा शोध म्हणायचं. आमच्या गावच्या जत्रेत पाच मिनिटांत हुबेहूब चेहरा काढून देणारा बसायचा, त्याला कधी कुणी कलावंत म्हणालं नाही. तुमच्या आईंना रडू आलं ते त्यांच्या आठवणीने, चित्राने नाही. उद्या भिंतीवरचा ओला डाग बघूनही येईल.

टवाळ:
भिंतीवरचा ओला डाग बघून आमच्या घरमालकालाही रडू येतं.

फोटोडबा:
विषय चित्रांचा आहे पण आधी कामाचं सांगतो, कारण पुन्हा पाणी येणारच आहे. माझा स्टुडिओ होता. जुन्या रंगीत प्रिंटमध्ये चित्र कागदात नसतं, कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं. भिजलं की तो थर फुगतो आणि जेलीसारखा मऊ होतो, तसाच वाळला की वरच्या प्लास्टिकला चिकटून बसतो. मग प्लास्टिक ओढलं की चेहरा प्लास्टिकबरोबर येणार. म्हणून भिजलेला अल्बम बंद ठेवून वाळू देऊ नका आणि उन्हात तर अजिबात टाकू नका. ओला असतानाच स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवून पानं हळूहळू सुटी करा, फोटो चेहरा वर करून सावलीत पसरा, चित्राला बोट लावू नका. एकदम फार असतील तर पिशवीत घालून फ्रीजरला टाका, थंडीत खराबी थांबते आणि नंतर निवांत करता येतं. २०१९ ला लोक आमच्याकडे विटेसारखे घट्ट झालेले अल्बम घेऊन यायचे. काही करता यायचं नाही.

ताई, तो प्लास्टिकचा कागद आहे का अजून? असला तर टाकू नका.

आडनाव नको:
शंकासुर, ओल्या डागावरून तुम्ही नकळत मोठ्या माणसाशी सहमत झालात. लिओनार्दोने चित्रकारांना हाच सल्ला लिहून ठेवलाय की डागाळलेल्या भिंतीकडे बघत बसा, त्यात डोंगर, लढाया, चेहरे दिसायला लागतील. म्हणजे ही सवय पाचशे वर्षं जुनी आहे.

मूळ प्रश्नाकडे. चित्रकाराचं म्हणणं शेवटचं का? याची उलटी केस सांगतो. रेने माग्रित, बेल्जियमचा. १९२८ मध्ये त्याने चुंबन घेणारी दोन माणसं काढली, दोघांच्या डोक्याला पांढरं कापड गुंडाळलेलं, चेहरे दिसत नाहीत. आता याची आई १९१२ मध्ये नदीत बुडून गेली, तेव्हा हा १३ वर्षांचा. ती सापडली तेव्हा तिच्याच गाऊनने तोंड झाकलेलं होतं अशी एक गोष्ट सांगतात. झालं, टीकाकारांना किल्ली सापडली, कापड म्हणजे आई. माग्रितला हे अजिबात आवडायचं नाही, चित्र म्हणजे कोडं नव्हे की ज्याला उत्तर असतं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे तिथे बघणारे आई म्हणत होते आणि काढणारा नाही म्हणत होता, तुमच्याकडेही तेच झालंय. फरक इतकाच की तिथे लोक चित्रकाराची आई शोधत होते आणि तुमच्या आई स्वतःची शोधत होत्या. मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो, तिचं तर याहून मजेशीर. १९३८ मध्ये सर्रिअलिझमचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों मेक्सिकोला गेला, तिची चित्रं बघून म्हणाला ही आमचीच, स्वप्नचित्रांची चळवळवाली. ती म्हणायची मी कधी स्वप्नं काढली नाहीत, माझं जे खरं आहे ते काढलं. बरोबरच होतं तिचं. १८ व्या वर्षी बसच्या अपघातात पाठीचा कणा, कंबर, पाय सगळं मोडलेलं, आईने पलंगाच्या वर आरसा लावून दिला आणि ही पडल्यापडल्या आरशात बघून स्वतःला काढायला लागली. नंतर तिने मोडलेल्या खांबासारखा कणा काढला, तो आपल्याला प्रतीक वाटतो, तिला तो डॉक्टरचा रिपोर्ट होता.

रंगारी मिरज:
मी पाट्या रंगवतो, आता फ्लेक्समुळं काम कमी झालंय. शंकासुर साहेब, चेहरा पुसणं सोपं नसतंय ओ. एकदा करून बघा की. नुसतं फडकं मारलं तर चिखल होतोय. खालचा चेहरा अर्धा वाळू द्यायचा, टर्पेंटाईनचं बोळं कुठं दाबायचं, कुठं नुसतं फिरवायचं, नाकाचा उंचवटा जरा दिसला पायजे पण नाक दिसाय नको. त्यासाठी आधी चेहरा बरोबरच काढावा लागतोय, नाहीतर पुसल्यावर तिथं माणूस होता असं वाटतच नाही. भोपळा वाटतोय. ताईंनी सांगितलेला पिवळा रंग बघायला मी उद्या जाणार हाय.

शंकासुर:
हा मुद्दा मान्य. भोपळ्याचं मिरजकर म्हणतायत म्हणजे वजन आहे, सतारीचे भोपळे रोज बघत असणार.

पण मग एक सांगा, सगळ्यांनाच एकदम स्वतःचा शोध का लागतो? आमच्या पिढीत असं कुणी शोधायला जात नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर नाव, जात, जन्मतारीख लिहिलेली असायची, संपला शोध.

आजीचा चष्मा:
तो दाखलाच चुकीचा असतो हो. माझी जन्मतारीख १ जून आहे, माझ्या सगळ्या भावंडांची १ जून आहे. हेडमास्तरांनी सोय बघितली.

टवाळ:
तुमच्या घरी १ जूनला केक केवढा आणायचे?

विटेकर सेलम:
शोधाचं मी सांगतो. आम्ही गलाईवाले. खानापूर, आटपाडी, खटाव भागातली हजारो घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, वडील सेलमला आले, मी इथंच वाढलो. इथं लोक मला सेठ म्हणतात, विट्याला यात्रेला गेलो की मद्रासवाला आला म्हणतात. घरात मराठी, भट्टीवर तमिळ, गिऱ्हाईकाशी जमेल ते. पोरगी विचारते पप्पा आपण नक्की कुठले, तर मी म्हणतो अभ्यास कर.

वर फ्रिडाचं वाचून तिचं दोन फ्रिडावालं चित्र मोबाईलवर बघितलं. शेजारी शेजारी दोघी बसल्यात, एक पांढऱ्या युरोपी झग्यात, एक तिकडच्या गावाकडच्या पोशाखात. दोघींची काळजं उघडी आणि एकच रक्तवाहिनी दोघींच्यातून गेलीय. पांढऱ्या झग्यावालीने ती चिमट्याने दाबून धरलीय तरी रक्त झग्यावर गळतंयच. दुकानात बसून बघत होतो. गिऱ्हाईक आलं तरी कळलं नाही. मला चित्रातलं काही कळत नाही, पण चिमटा कुणाच्या हातात आहे हे मला बरोबर कळलं. जी बाहेरची आहे तिच्या हातात.

आडनाव नको:
विटेकर, यापेक्षा चांगलं मी सांगू शकत नाही. फक्त माहिती म्हणून, ते १९३९ चं, दिएगो रिव्हेराशी घटस्फोट झाला त्या वर्षीचं. साधारण पावणेसहा फूट बाय पावणेसहा फूट आहे, म्हणजे दोघी जवळजवळ खऱ्या माणसाच्या मापाच्या. मोबाईलवर हे कळत नाही. स्पेनच्या साल्वादोर डालीच्या वितळणाऱ्या घड्याळांच्या चित्राचं बरोबर उलटं, लोकांना वाटतं भिंतभर असेल, प्रत्यक्षात २४ बाय ३३ सेंटिमीटर, शाळेच्या वहीपेक्षा थोडं मोठं.

गुरुजी माण:
सातारा जिल्ह्यात कलाशिक्षक आहे, तीस वर्षं होत आली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवतो, तिथे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असं सगळं ठरलेलं. त्याला कंटाळून एकदा सातवीच्या वर्गाला सांगितलं, स्वतःचं चित्र काढा पण चेहरा काढायचा नाही. आधी दंगा झाला. मग एकाने कोयता काढला, आईबाप ऊसतोडीला जातात. एकीने स्वतःचं दप्तर काढलं, त्याचा बंद सेफ्टी पिनने जोडलेला, ती पिन सगळ्यात मन लावून काढलेली. आणि मागच्या बाकावरच्या एका पोराने एसटीची मागची काच काढली. धुळीने भरलेली काच आणि त्यात एक हात. बाप मुंबईला माथाडी. मी विचारलं हा हात कुणाचा, वडलांचा का, तर म्हणाला, माझा. मी म्हटलं पण तू तर खाली उभा असतोस ना? तर म्हणाला, चित्रात मी गेलोय.

मी त्याला मार्क किती दिले ते आता आठवत नाही, कमीच दिले असतील, एसटीची चाकं वेगवेगळ्या मापाची होती.

कृष्णाकाठची:
गुरुजी 🙏 काय लिहू कळत नाही.

फोटोडबा, प्लास्टिकचा कागद आईने ठेवलाय. कपाटात साड्यांच्या घडीखाली. हे मला काल कळलं.

आजीचा चष्मा:
मला एक समजत नाही, प्रतीकं म्हटलं की तुम्ही मंडळी एकदम मेक्सिको नाहीतर बेल्जियमला का जाता? आमची आई चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायची. पाळण्यात गौर, गोपद्मं, शंख, चक्र, कासव, नाग, सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, कोयरी, सगळं शेणाने सारवलेल्या जमिनीवर. कशाचा कशाशी संबंध नाही. आकाशातला चंद्र आणि शेजारी कंगवा. त्याला कुणी स्वप्नवत म्हणालं नाही. नाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा बाई खरंच विंचवाबद्दल बोलतेय असं खेड्यातल्या निरक्षर माणसालाही कधी वाटलं नाही. आपल्याला हे नवीन नाहीच.

आणि आई कोपऱ्यात एक छोटी होडी काढायची. ती चैत्रांगणात नसते. मी विचारलं की म्हणायची असू दे. तिचं माहेर नदीपलीकडे होतं.

पोवई नाका:
आजींना +१. आणि बघायचंच असेल तर आपल्याच सातारा जिल्ह्यात औंध आहे की. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत भवानी संग्रहालय लागतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्कारवाले, स्वतः चित्रकार होते, १९३८ मध्ये त्यांनी ते उभं केलं. रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं आहेत, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल आहे. लोक यमाईचं दर्शन घेतात, भजी खातात आणि खाली येतात, मीही तीन वेळा तेच केलं. चौथ्या वेळी आत गेलो. मूरच्या त्या आईकडे बघताना मूल कुठे संपतं आणि आई कुठे सुरू होते तेच कळत नाही. शेजारी एक बाई तिच्या पोराला म्हणाली, बघ, अजून पुरतं घडवलेलं नाही. मला तेव्हा हसू आलं होतं, आता वाटतंय तिचंही बरोबरच होतं.

शंकासुर:
औंधला मी गेलोय, रविवर्मा आवडतो. तिथे निदान कोण कुणाकडे बघतंय हे कळतं. माझी अडचण नक्की काय ते सांगतो. ज्या चित्रात काहीही दिसू शकतं त्यात काहीच नसतं, असं मला वाटतं. ताईंच्या आईंना त्यांची आई दिसली, रंगारींना टर्पेंटाईन दिसलं. मग उद्या मला त्यात माझा सातबारा दिसला तर?

आडनाव नको:
काहीही दिसत नाही हो, तोच तर मुद्दा आहे. त्या बाईच्या जागी कुणाला फटफटी दिसणार नाही. चित्र एक अंगण आखून देतं, त्यात कुठे बसायचं ते आपण ठरवतो.

आपल्यातलाच दाखला देतो. प्रभाकर बरवे, नागावचे, अलिबागजवळचे, १९३६ ते १९९५. घड्याळ, पान, शिंपला असल्या साध्या वस्तू मोकळ्या जागेत ठेवल्यासारख्या काढायचे. मराठीत 'कोरा कॅनव्हास' नावाचं पुस्तक त्यांनी लिहिलंय. त्यांच्या चित्रात पान हे पानच असतं, पण त्याची सावली भलतीच पडते आणि मग आपण पानाकडे पुन्हा बघतो. पान म्हणजे अमुक असं कोष्टक लावलं की सगळं मरतं.

आणि भूपेन खक्कर. बडोद्यात राहणारा, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. १९८१ मध्ये त्याने बाप-लेक आणि गाढवाची आपली ती गोष्ट काढली, लोक नावं ठेवतात म्हणून आधी बाप बसतो, मग लेक बसतो, मग गाढवच उचलतात ती. आणि गच्चीत पाठमोरा एक उघडा माणूस उभा राहून ते बघतोय. पुरुषावर प्रेम करणारा माणूस त्या काळात गावात कसा राहत असेल, ते सगळं त्या पाठीत आहे. इथेही चेहरा जवळजवळ नाहीच, शंकासुर.

शंकासुर:
गाढवाची गोष्ट घेऊन हे काढलं? हे बघायला पाहिजे.

रंगारी मिरज:
बरवेंचं नाव निघालं म्हणून. आमचे उस्ताद सांगायचे की त्यो माणूस कॅनव्हासवर एनॅमल वापरायचा, आपल्या पाटीचा, पत्र्याचा रंग. तेव्हापासनं मला अभिमान हाय. एनॅमल ब्रशची रेघ ठेवत नाही, आपली आपण मिटवतंय, म्हणून ते गुळगुळीत दिसतंय. पण कॅनव्हास उभा केला की वघळ येतोय, आडवाच ठेवावा लागतोय.

आज प्रदर्शनाला जाऊन आलो. पिवळा रंग नुसता पिवळा न्हाई. खाली गेरू हाय, त्यावर दुधासारखा पातळ पांढरा तीन-चार हात, मग पुसलंय. बाजूने बघितलं तर भुवईची कड दिसती. चेहरा जमला होता म्हणाले ते खरं हाय.

टवाळ:
आणि किंमत?

रंगारी मिरज:
ती पण पुसली होती.

कृष्णाकाठची:
परत आले. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, काही आईला वाचून दाखवले, गुरुजींचा वाचताना मधेच थांबावं लागलं.

शेवटी आईला सांगून टाकलं की चित्र पुराआधीचं आहे आणि त्यांच्या मनात आजीबिजी काही नव्हतं. मला वाटलं हिरमुसेल. ती म्हणाली, मग काय झालं, त्याला माझी आई कुठून माहीत असणार. आणि शनिवारी परत चल म्हणाली, शेवटचा दिवस होता.

गेलो. या वेळी रडलीबिडली नाही. चष्मा लावून जवळून बघितलं आणि चित्रकारांना बोलावून म्हणाली, दादा, एक सांगू का, पाण्यात शिरताना बाई निऱ्या हातात धरत नाही. वर खोचून मोकळी होते, हात सामानाला लागतात. आणि तुळस कुंडीसकट कोण नेतंय, आम्ही रेशनकार्ड आणि गॅसचं पुस्तक नेलं होतं. ते गृहस्थ आधी हसले, मग खिशातून छोटी वही काढून खरंच लिहून घेतलं. बदलणार का विचारलं तर आईच म्हणाली, आता नको, राहू दे, तिला तशीच उभी राहू दे.

मग आईने पिशवीतून तो प्लास्टिकचा कागद काढला. मला माहीतही नव्हतं तिने आणलाय. उजेडाकडे धरला तर आजीचा अर्धा चेहरा दिसतो, आरशात दिसावा तसा उलटा, एक डोळा आणि नथ. चित्रकार बराच वेळ धरून बघत होते. काही बोलले नाहीत. फोटो काढू का एवढंच विचारलं, आई नको म्हणाली.

फोटोडबा:
ताई, तो कागद घडी करू नका, दोन ब्लॉटिंग पेपरमध्ये सपाट ठेवा आणि मला स्कॅन करून पाठवा. उलटा सरळ करता येतो. अर्धा तर अर्धा.

कृष्णाकाठची:
विचारते तिला. बहुतेक नाहीच म्हणेल.

टवाळ:
भाजी राहिलीच की ओ.

कृष्णाकाठची:
दोडका. झालं समाधान?